नामंजूर ठरावाची अंमलबजावणी

दिगंबरराव मयेकरांनी उभ्या आयुष्यात एकही ठराव नामंजूर झालेला पाहिला नव्हता. पतपेढीत नाही, गावच्या वाचनालयात नाही आणि चिमणबेटावर तर नाहीच नाही. पहिल्यांदा पाहिला तेव्हा आनंदाने त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यानंतर पाचच मिनिटांत त्यांच्या पायांखालची जमीन सरकली.

पण हे नीट सांगायचं तर आधी बेटाबद्दल सांगायला हवं.

चिमणबेट म्हणजे खाडीच्या तोंडाशी उभा असलेला जांभ्याचा डोंगरवजा तुकडा. समोर, होडीने दहा मिनिटांवर, भाटशेत गाव. सन २०३९ मध्ये बेटावर एक्केचाळीस कॉटेजेस होती आणि एक्केचाळीस मालक. बहुतेक पुण्या-कोल्हापूरचे पेन्शनर. सगळे शांततेच्या शोधात आले होते, आणि आल्यापासून पंधरा दिवसांत त्यांनी संघ काढला होता. चार मराठी माणसं एकत्र आली की आधी संस्था निघते, मग तिची घटना, मग घटनादुरुस्ती. चिमणबेटाची घटना त्रेसष्ट पानांची होती. शेजारच्या अंगणात पडलेला आंबा कोणाचा, इथपासून कोंबडा किती वाजेपर्यंत आरवू शकतो, इथपर्यंत सगळं तिच्यात होतं. कोंबड्याने ती अर्थातच वाचली नव्हती.

दिगंबरराव या संघाचे सेक्रेटरी. बेटावर मूळ भाटशेतचे असे ते एकटेच. नोकरीत हयात गेली ती एका पतपेढीत सभांची इतिवृत्तं लिहिण्यात. पत्नी गेल्यावर शहरात जीव रमेना, तेव्हा जमवलेली पुंजी घालून त्यांनी बेटाच्या पूर्व टोकाचं कॉटेज घेतलं, कारण तिथून भाटशेतची कौलं दिसत. त्यांची थोरली बहीण इंदुमती, म्हणजे आक्का, गावातल्या गावातच दिली होती. आई वारल्यावर नऊ वर्षांच्या दिगूला तिनेच वाढवलं. तिचं घर डोळ्यांसमोर हवं, एवढाच त्यांचा हट्ट होता.

आता बेटाच्या पोटाबद्दल. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो. समुद्राच्या पातळीच्या वर तो एक हात साठला, तर खाली चाळीस हात खोल जातो. एवढ्याच साठ्यावर बेटं जगतात. पण एक्केचाळीस पंप चालू झाले, समुद्र वर चढला, आणि चिमणबेटाच्या नळांना खारट चव येऊ लागली.

तेव्हा सतरा नंबरच्या डॉ. इरावती सबनीस पुढे आल्या. त्या मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या अभ्यासक. खाडीकाठच्या तिवरांच्या चिखलात त्यांना एक जिवाणू सापडला होता. गोडं आणि खारं पाणी जिथे भेटतं, नेमका तिथेच तो डिंकासारखा चीक सोडी. समुद्राच्या पाण्यातला चुना त्या चिकात बसला की चाळीस तासांत त्याचा दगडी पापुद्रा तयार होई. डॉक्टरीणबाईंनी बेटाभोवती बोअर घेतल्या, त्यांतून जिवाणू सोडले आणि त्यांना खाऊ म्हणून काकवी पाजली. तीन वर्षांत बेटाच्या पोटात एक मोठा वाडगा तयार झाला. पावसाचं पाणी त्यात साठायला लागलं. राहिली होती फक्त पूर्वेकडची नव्वद मीटरची फट. तिच्यातून रोज दीड लाख लिटर गोडं पाणी गळून समुद्रात वाया जातं, असा सगळ्यांचा समज होता.

काकवीचा नळ कोणाच्या हातात असावा, यावरून मात्र मोठं महाभारत झालं. एकाने पोहण्याचा हौद भरण्यासाठी परस्पर पंप चालवल्याचं उघडकीस आल्यापासून कोणाचा कोणावर विश्वास उरला नव्हता. अखेर ठरलं की नळ माणसाच्या हातात नकोच. 'कारभारी' नावाची एक संगणक-यंत्रणा बसवली. सेक्रेटरीने सही केलेलं इतिवृत्त तिच्यापुढे आलं की ती ते वाचणार, मंजूर ठराव वेगळे काढणार आणि अमलात आणणार. माणसाने मध्ये लुडबूड करायची नाही.

योजना चोख होती. एकच गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. दिगंबरराव इतिवृत्त सभेच्या आधी लिहीत.

त्यात त्यांना गैर असं काही वाटत नसे. पतपेढीत तसंच चाले. ठराव मांडला की तो मंजूर होणार, तोही सर्वानुमते. मग सभेत घाईघाईने खरडण्यापेक्षा दोन दिवस आधी सुवाच्य लिहून ठेवलेलं काय वाईट? शनिवार-रविवारी सगळे मालक बेटावर जमले की इंटरनेट रडतखडत चाले, म्हणून ते शुक्रवारीच सहीसुद्धा करून टाकत. कारभाऱ्याने तारीख पाहू नये, सही पाहावी, ही दुरुस्ती त्यांनीच घटनेत घालून घेतली होती. एकदा धक्क्यावरचे दिवे ते मंजूर होण्याच्या आदल्या दिवशीच लागले, तेव्हा सगळ्यांनी यंत्राच्या तत्परतेचं कौतुकच केलं होतं.

त्या शुक्रवारी दुपारी चार वाजता दिगंबररावांनी चहाचा कप बाजूला ठेवून लिहिलं: 'ठराव क्रमांक ४. पूर्वेकडील फट कायमची बुजवण्यात यावी. सूचक श्री. टोळे, अनुमोदक श्री. मयेकर. सर्वानुमते मंजूर.' सही केली, पान टॅबवरून कारभाऱ्याला पाठवलं आणि ते चालायला गेले.

रविवारी सकाळी नऊ वाजता आक्का होडीतून उतरली. बहात्तर वर्षांची बाई, हातात गेल्या आणि या वर्षाचं एकत्र गुंडाळलेलं कॅलेंडर. दिगंबरराव धक्क्यावर धावत गेले.

"आक्का, फोन तरी करायचास."

"फोनार तू 'सभेत बघूया' म्हणतंस. म्हणान सभेतच इलंय," आक्का म्हणाली. "दिगू, आमच्या पाचातल्यो तीन बावी मचूळ झाल्यो. दोन उरल्यो. आणि ह्या तुमच्या बेटामुळे होता."

दिगंबररावांनी ते याआधीही ऐकलं होतं. समुद्र चढतोय, सगळीकडेच विहिरी खाऱ्या होताहेत, असं त्यांनी तिला समजावलंही होतं. पण आज ती इतकी दमून आली होती की त्यांना नाही म्हणवेना. अध्यक्षा मालविकाबाई देशिंगकरांकडे त्यांनी रदबदली केली. मालविकाबाई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी घड्याळ पाहून आक्काला दहा मिनिटं दिली.

सभा सुरू झाली. आक्का उभी राहिली.

"माका भाषण येवचा नाय," ती म्हणाली. "मी खयची बाव कदी बिघडली, ता कॅलेंडरार लिवन ठेवलंय. तुमी शिकलेली माणसां. तुमीच बघा."

दूधवाल्याच्या खुणा, नातवाचं लसीकरण, एकादश्या, आणि त्यांतच लाल शाईने: २३ नोव्हेंबर, देवळाकडची बाव मचूळ. १ मार्च, शिरोडकरांची. २० एप्रिल, शाळेची.

डॉक्टरीणबाई ते कॅलेंडर बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी आपला टॅब उघडला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काकवी कधी सोडली, त्याच्या तारखा आहेत माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "५ नोव्हेंबर, ११ फेब्रुवारी, २ एप्रिल. प्रत्येक वेळी बरोबर अठरा दिवस." त्यांनी खाडीकडे बोट दाखवलं. "खाडीच्या तळाखाली जुन्या नदीचं गोट्यांचं पात्र असणार. आपलं पाणी त्यातून पलीकडे जातं. भाटशेत म्हणजे सगळा खाजणाचा, खाऱ्या दलदलीचा पट्टा, त्याच्या पोटात स्वतःचं गोडं पाणी नाहीच. आपण ज्याला गळती म्हणतोय, ती यांची विहीर आहे. उरलेली फट बुजली, तर उरलेल्या दोन विहिरीही जातील."

आजवर इथे आंबे-कोंबड्यांवरून तावातावाने भांडणारी माणसं एकदम गप्प झाली. मग ठरावाचे सूचक शिरीष टोळे उठले. संघातला सगळ्यांत भांडकुदळ माणूस.

"आजी, तुमच्या गावात घरं किती?"

"एकशे वीस होती. आता शंभर असतीत. पाण्यापायी लोक जातत."

"ठराव मी मांडलाय," टोळे सभेकडे वळून म्हणाले, "आणि पहिला विरोध माझाच. दुसऱ्याच्या तोंडचं पाणी काढून आम्हाला बागा शिंपायच्या नाहीत."

त्यांचा हात वर गेला. मागोमाग मालविकाबाईंचा, डॉक्टरीणबाईंचा, मग सगळ्यांचेच. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. टाळ्या वाजल्या. कोणीतरी आक्काच्या पाया पडलं. दिगंबररावांना भरून आलं. ही आपली माणसं, असं त्यांना त्या घटकेला अगदी मनापासून वाटलं.

सभा उठली, माणसं जेवणाच्या पंगतीकडे वळली. दिगंबररावांनी 'मंजूर'च्या जागी 'नामंजूर' करायला वही उघडली. कागदावर खाडाखोड झाली की यंत्रातही करावी लागे, म्हणून त्यांनी टॅब उघडला. ठराव क्रमांक चारच्या पुढे हिरवी खूण होती. खाली ओळ होती: 'अंमलबजावणी पूर्ण. रविवार, सकाळी ८ वाजून १० मिनिटे.'

त्यांनी ती ओळ पाच वेळा वाचली. शुक्रवारी चारला सही. चार वाजून दहा मिनिटांनी नळ सुटला. चाळीस तास. आक्का धक्क्यावर उतरण्याच्या पाऊण तास आधी ती फट कायमची बुजली होती. तिने कॅलेंडर उलगडलं तेव्हा, टोळे उठले तेव्हा, टाळ्या वाजल्या तेव्हा, सगळं होऊन गेलेलं होतं. ते खुर्चीत बसले.

"दिगू, मी येतंय रे," आक्का समोर उभी होती. चेहरा लहान मुलीसारखा उजळला होता. "गावात सगळ्यांका सांगूचा आसा. जेवक थांबणंय नाय."

सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांची जीभ उचलेना. ते तिच्याबरोबर धक्क्यापर्यंत गेले, हात धरून तिला होडीत बसवलं, पदर भिजणार नाही असा नीट करून दिला. होडी निघाली. आक्का वळून वळून हात हलवत होती.

मग ते मालविकाबाईंकडे गेले आणि त्यांना टॅब दाखवला.

"मयेकर," मालविकाबाईंनी टॅब डोळ्यांजवळ नेला, "सभा व्हायच्या आधी सही? तुम्ही?"

"दर वेळी, बाई. चार वर्षं."

जेवणं अर्धवट टाकून सभा पुन्हा भरली. दिगंबरराव उभे राहिले आणि त्यांनी कबुली दिली. कोणी ओरडलं, कोणी कपाळाला हात लावला. पहिल्या ओळीतल्या एक बाई रडायलाच लागल्या. डॉक्टरीणबाईंना सगळ्यांनी एकच विचारलं, आता फोडता नाही का येणार?

"चाळीस हात खाली, वाळूच्या पोटात, नव्वद मीटर लांब दगड आहे तो," त्या म्हणाल्या. "फोडायची म्हणून आज कुठलीही पद्धत माझ्यापाशी नाही. मला पापुद्रा तयार करता येतो. मोडायचा कसा, याचा मी कधी विचारच केला नाही."

बराच वेळ सगळे सुन्न बसून राहिले. मग टोळ्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे डॉक्टर, वाडगा आता पूर्ण झाला?"

"हो."

"भरेल कधी?"

"या पावसाळ्यात. काठोकाठ."

पुन्हा शांतता पसरली, पण ही आधीच्यासारखी नव्हती. दिगंबररावांना तो फरक जाणवला. मागून कोणीतरी म्हणालं, जे झालं ते बदलता येत नसेल, तर नामंजूर लिहून मिळवायचं काय? उद्या कोणी कोर्टात गेलं तर नामंजूर ठराव अमलात आणला म्हणून आपण सगळेच अडकू. मंजूर लिहिलेलं बरं. सही आहेच. दुसरा म्हणाला, आपण काही दुष्ट नाही, गावाला आपण पाणी देऊ की! नळ टाकू, दिवसाआड सोडू. दर वर्षी ठराव करून मुदत वाढवू.

"उत्तम," मालविकाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पूर्ववत झाला होता. "ठराव क्रमांक चार फेरविचारासाठी मांडते. अनुकूल?"

टोळ्यांचा हात वर गेला. तासाभरापूर्वीचाच उजवा हात, तेच घड्याळ. मग दुसरा, तिसरा, दहावा. रडणाऱ्या बाईंनी एका हाताने डोळे पुसले आणि दुसरा वर केला. दिगंबररावांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्या मान खाली घालून बसल्या होत्या. मग मान न उचलताच त्यांनीही हात वर केला. एकालाही जबरदस्ती नव्हती, एकही माणूस वाईट नव्हता. आपण चार दशकं 'सर्वानुमते' हा शब्द लिहीत आलो, तो असा दिसतो, हे त्यांनी आज पहिल्यांदाच पाहिलं.

"प्रतिकूल?" मालविकाबाईंनी रीत म्हणून विचारलं.

दिगंबररावांनी हात वर केला.

"मयेकर, अहो, चूक तुमचीच, आणि आता विरोधही तुमचाच? हात खाली घ्या. लिहा, सर्वानुमते."

"चाळीस विरुद्ध एक," दिगंबरराव म्हणाले आणि त्यांनी तसं लिहिलं. मग वही टेबलावर ठेवून ते धक्क्याकडे चालू लागले. त्यांना कोणी अडवलं नाही. तसं अडवायचं काही कारणही उरलं नव्हतं.

भाटशेतात पोचेपर्यंत उन्हं कलली होती. खालच्या आळीतल्या विहिरीवर सगळ्या आळीच्या बाया जमल्या होत्या. काठावर हळदकुंकू, तांदूळ, नारळ, हिरवा खण. पाणी राखलं म्हणून विहिरीची ओटी भरत होत्या. दिगंबररावांना पाहताच आक्का पुढे आली आणि त्यांचा हात धरून त्यांना सगळ्यांसमोर घेऊन गेली.

"ह्यो माझो भाव," ती म्हणाली. "हेनाच माका सभेत बोलूक दिल्यान."

बाया हसल्या. एकीने त्यांच्या हातावर गूळखोबरं ठेवलं. ते तसंच मुठीत धरून दिगंबररावांनी सांगायला सुरुवात केली. काही राखून ठेवलं नाही. शुक्रवारची सही सांगितली, चाळीस तास सांगितले, आणि अठरा दिवस सांगितले. बोलता बोलता आपोआप ते घरच्या बोलीत आले होते. एकीच्या हातातला खण गळून पाण्यात पडला. तो काढायला कोणी वाकलं नाही.

"ते नळ टाकतले म्हणतत," शेवटी ते म्हणाले. "दिवसाआड पाणी सोडतले."

"आमचाच पाणी आमका देतले?" आक्काने विचारलं. "ठराव करून?"

दिगंबररावांनी मान हलवली.

आक्का त्यांच्याकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती कसला तरी हिशोब लावत होती आणि तो लागू नये असं तिला वाटत होतं.

"तुका कदी कळला?"

"सभा उठल्यार."

"मी होडयेत बसलंय, तेच्या आदी?"

दिगंबररावांना खोटं बोलता आलं असतं. तेवढं एक खोटं तिने मानलंही असतं.

"आदी," ते म्हणाले.

"म्हणजे तुका ठावक होता. आणि तू माझो हात धरून माका होडयेत बसवलंस. मी वाटभर हसत इलंय रे दिगू. धक्क्यार उतरल्यार मी पयल्यांदा शाळेतल्या पोरांका सांगितलंय."

आक्काने डोळ्यांना पदर लावला नाही. ती बायांकडे वळली.

"गो, ओटी ऱ्हवांदे आता. हंडे आणा, कळश्यो आणा, पिपां आसत ती आणा. मिळात त्या भांड्यात भरून ठेवा."

बाया घरोघर धावल्या. विहिरीवर आक्का, तिची सून आणि दिगंबरराव एवढेच उरले. सुनेने रिकामी कळशी आणून काठावर ठेवली. पाणी ओढायला कोणीतरी हवं होतं. दिगंबररावांनी पुढे होऊन रहाटाचा दोर धरला. आक्काने तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि सुनेच्या हातात दिला.